आजच्या हाताचे माप : बालगोलरक्षकाचे हातमोजे कसे निवडावेत?

आपल्या शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, गोलरक्षकाच्या हातमोज्यांचा एक जुना जोड ठेवलेला आहे. त्याच्या मनगटपट्टीवर ८ हा आकडा अजून वाचता येतो. तो कोणी वापरत नाही आणि कोणाला टाकूही दिलेला नाही. या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने काही लिहावे असे ठरले, तेव्हा नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरील बंधारा किंवा पाणीमहाल यांपैकी एखादा विषय येईल अशी सर्वांची अपेक्षा असणार. मी मात्र त्या जोडाविषयी लिहिणार आहे. किल्ल्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मुलांच्या हाताविषयी लिहिणारे थोडे.

सन २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिचे काही सामने नवी मुंबईत होते. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबविला आणि शाळाशाळांतून फुटबॉल खेळविला गेला. आपल्याकडेही मैदानाच्या दोन टोकांना वासे उभे राहिले. चेंडू आला, पण चेंडू अडविणाऱ्याच्या हातांचे काय, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. काही महिन्यांनी वसतिगृहाच्या खेळांची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी सोलापूरहून हातमोज्यांचे चार जोड आणले. चारही आठ नंबरचे. मोठ्या मुलांना बसतील आणि लहान मुलांना पुढे उपयोगी पडतील, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्याच आठवड्यात सहावीतला एक मुलगा गोलमध्ये उभा होता. मोज्यांच्या टोकांना त्याची बोटे पोचत नव्हती. पुढे इंचभर पोकळ कापड लोंबत होते. वेगाने आलेला चेंडू त्या पोकळ टोकांवर आदळला, मोजा हातावर फिरला आणि आत बोटे पिळली गेली. उजव्या हाताच्या करंगळीचे हाड मोडले. सहामाही परीक्षेला तो शेजारी लेखनिक घेऊन बसला. ज्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुबक, तो उत्तरे तोंडाने सांगत होता आणि दुसरा लिहीत होता. मी पर्यवेक्षक म्हणून समोर होतो. नंतर मी त्याला विचारले, “मोजे मोठे होतात हे तू मला का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “सर, मोठे होतात म्हणालो असतो तर तुम्ही ते दुसऱ्याला दिले असते.”

हे उत्तर मी विसरलेलो नाही. पुढे जे लिहिले आहे ते त्या उत्तरामुळे शिकलेले आहे. पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि शाळेला साहित्य दान देणाऱ्या उपासक-उपासिकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

वाढत्या अंगाची सवय

आपल्या घरांतून मुलांसाठी वस्तू घेताना ‘वाढत्या अंगाचे घ्या’ असे म्हणण्याची रीत आहे. जूनमध्ये घेतलेला सदरा पुढच्या जूनपर्यंत पुरला पाहिजे, थोरल्याचा धाकट्याला आला पाहिजे. ही कंजुषी नव्हे, ते दारिद्र्याचे शहाणपण आहे. मीही त्याच शहाणपणात वाढलो. बाह्या दुमडता येतात, पँटला आतून शिवण घालता येते, बुटात कागदाचा बोळा कोंबता येतो. परंतु गोलरक्षकाचा मोजा दुमडता येत नाही. तो सदऱ्यासारखे वस्त्र नसून हत्यारासारखे साधन आहे. विळा मोठा झाला म्हणून कोणी तो ‘वाढत्या हाताचा’ म्हणून मुलाच्या हाती देत नाही. मोज्याचेही तेच आहे. मूल पुढच्या वर्षी केवढे होईल याचा मोज्याशी संबंध नाही. आज संध्याकाळी पाच वाजता मैदानावर त्याचा हात केवढा आहे, एवढाच प्रश्न आहे.

विनयपिटकात या विचाराला जवळची एक कथा आहे. तथागतांचे सावत्र बंधू नंद दिसायला त्यांच्यासारखेच होते, मात्र उंचीने चार अंगुळे कमी. ते तथागतांच्या मापाचे चीवर धारण करीत. दुरून येणाऱ्या नंदांना पाहून स्थविर भिक्खू तथागत आले असे समजून आसनावरून उठत आणि जवळ आल्यावर त्यांना चूक कळे. हे प्रकरण पुढे आले तेव्हा भिक्खूने सुगताच्या मापाचे चीवर करू नये असा नियम झाला. ते माप नियमात स्पष्ट सांगितले आहे : लांबी नऊ विदत्थि, रुंदी सहा विदत्थि. पालीतील विदत्थि म्हणजे आपली वीत. ज्या संघात सर्वांना समान स्थान होते, त्या संघानेही सर्वांना एकाच मापाचे वस्त्र दिले नाही. समता म्हणजे सर्वांना आठ नंबर देणे नव्हे, हे मला या कथेने शिकविले. तथागतांच्या चिवरानेही नंद तथागत होत नाहीत, मग मोठ्या मोज्याने सहावीचा मुलगा दहावीचा कसा होईल?

मोजे कधी आले, कशासाठी आले?

हातमोजे हे गोलरक्षकाचे सक्तीचे साहित्य नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे खेळाडूला सदरा, अर्धी चड्डी, मोजे, नडगीचे रक्षक आणि बूट एवढेच अनिवार्य आहे. गोलरक्षकाचा पोशाख वेगळ्या रंगाचा असावा लागतो. हातमोजे घालण्यास परवानगी आहे, बंधन नाही. म्हणून चुकीच्या मापाचे मोजे घालण्यापेक्षा न घालणे बरे, असे मी नि:शंकपणे सांगतो.

इंग्लंडमध्ये चेंडू तयार करण्याच्या व्यवसायातील विल्यम साइक्स यांनी १८८५ साली गोलरक्षकासाठी चामड्याच्या हातमोज्यांचे पेटंट घेतले. चेंडूचा मार हाताला लागू नये म्हणून त्यांत रबराची योजना होती. त्यानंतरही कित्येक दशके बहुतेक गोलरक्षक उघड्या हातांनीच खेळत राहिले. फार तर पावसात लोकरी किंवा सुती मोजे चढवीत. आज आपण पाहतो तो मऊ फेसाळ लेटेक्सच्या तळव्याचा मोठा मोजा १९७० च्या दशकात रुजला. १९७४ मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या पश्चिम जर्मनीचे गोलरक्षक सेप मायर आणि रॉइश ही जर्मन कंपनी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आपल्या भागालाही या खेळाचा इतिहास अगदी परका नाही. नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे आणि १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. त्या काळी हैदराबाद सिटी पोलीस हा संघ देशातील अग्रगण्य संघांत गणला जाई. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर त्याने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. त्या चमूत पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण हे दोन गोलरक्षक होते. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले. तात्पर्य, साहित्यावाचून खेळ थांबत नाही. पण साहित्य द्यायचे ठरविले, तर ते नीट द्यावे.

मोजा नेमके काय करतो? चेंडूचा आघात तळहातावर पसरवितो, पकड वाढवितो, आणि पडताना कातडी सोलवटण्यापासून वाचवितो. ही तिन्ही कामे तो हाताला बसला असेल तरच होतात. सैल मोज्यात हात एकीकडे आणि लेटेक्स दुसरीकडे जाते. चेंडू लेटेक्सला चिकटतो, पण लेटेक्स हाताला चिकटलेले नसते. घट्ट मोज्यात बोटे पूर्ण पसरत नाहीत, टोकांवर ताण येतो, शिवण उसवते आणि थोड्या वेळाने हात भरून येतो.

माप कसे घ्यावे?

लागणारे साहित्य शिंप्याची टेप एवढेच. ती नसेल तर दोरी आणि वर्गातली पट्टी पुरे.

पहिले माप पंजाच्या घेराचे. मुलाने बोटे जुळवून हात सरळ धरावा. अंगठा बाहेर ठेवावा; तो मापात धरायचा नाही. बोटे जेथे तळहाताला मिळतात त्याच्या किंचित खाली, पंजा सर्वांत रुंद असेल तेथून टेप गुंडाळावी. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दुसरे माप लांबीचे : मनगटावरील पहिल्या आडव्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन्ही हातांची मापे घ्यावीत, कारण कामाचा हात अनेकदा थोडा मोठा असतो. मोठ्या हाताचे माप धरावे. माप घेण्यापूर्वी नखे कापलेली असावीत.

घेर इंचांत मोजून तो पुढच्या पूर्णांकापर्यंत न्यावा आणि त्यात एक मिळवावा, असे एक रूढ सूत्र आहे. पंजाचा घेर पावणेसहा इंच असेल तर सहा धरावे, त्यात एक मिळविला की सात नंबर येतो. हे सूत्र आरंभ करण्यास चांगले आहे, निकाल देण्यास नाही. लहान मुलांच्या बाबतीत त्याने येणारा नंबर कधी कधी मोठा ठरतो. ज्या मुलाचे बोट मोडले, त्याचा घेर मी नंतर मोजला. तो पावणेसहा इंचच होता. सूत्राने सात आले, पण प्रत्यक्ष घालून पाहता सहा नंबर नीट बसला. मी त्याला आठ दिला होता.

वयावरून नंबर सांगणारे तक्तेही मिळतात. त्यांच्यावर विसंबू नये. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या पंजांत इंचभराचा फरक मी पाहिला आहे. शिवाय प्रत्येक कंपनीचा सहा नंबर सारखा नसतो. म्हणून दुकानदाराकडे त्या कंपनीचा सेंटिमीटरमधील मापांचा तक्ता मागावा. घेराने एक नंबर आणि लांबीने दुसरा येत असेल, तर दोन्ही जोड घालून पाहावेत.

परंतु वसतिगृहातील प्रत्येक मुलाला सोलापूरला कोण नेणार? यावर आम्ही एक साधी युक्ती काढली. कोऱ्या कागदावर मुलाने पंजा पसरून ठेवायचा, पेन्सिल अगदी उभी धरून भोवती रेघ मारायची. पेन्सिल तिरपी झाली तर आकृती लहान-मोठी होते. कागदावर नाव, इयत्ता, तारीख, घेर आणि लांबी लिहायची. तो कागद दुकानात नेऊन त्यावर मोजा ठेवला, की बोटांची लांबी आणि पंजाची रुंदी दोन्ही ताडून पाहता येतात. दूरवरून मागविण्याचे असेल तर हीच मापे कळवावीत, आणि बदलून मिळेल याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

बसला की नाही हे कसे ओळखावे?

सोण नावाचे भिक्खू अतिश्रमाने थकले आणि निराश झाले, तेव्हा तथागतांनी त्यांना वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला. तार फार ताणली तर सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. आपल्या मुलांना ही कथा ठाऊक आहे. मोज्याच्या बाबतीत तिचा अर्थ हातानेच कळतो.

मोजे घालून, मनगटपट्टी बांधून पुढील गोष्टी पाहाव्यात. बोटाच्या टोकापुढे साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळी जागा असावी. मुठीत बोटे मिटली असता टोकांवर ओढ बसू नये. ओढ बसली तर मोजा लहान आहे. तळव्यावरचे लेटेक्स चिमटीत धरून पाहावे. मोठी चुणी हातात आली तर मोजा रुंद आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मोज्याच्या बेचकीला टेकली पाहिजे. मोठ्या माणसाने मोज्याची टोके हलकेच धरून ओढावीत. मोजा सरकू किंवा फिरू नये. मनगटपट्टी घट्ट बसावी, पण मनगट सहज वाकले पाहिजे.

यानंतर चेंडू द्यावा. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या चेंडूमागे एकमेकांजवळ आणून मुलाने तो छातीसमोर पकडावा. दहा चेंडू जवळून, हळू टाकावेत. त्यातले बहुतेक हातात थांबले, आणि मुलाचे लक्ष मोज्याकडे न जाता चेंडूकडे राहिले, तर मोजा बसला असे समजावे. शेवटी मुलाला विचारावे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे. त्याचे पहिले “बसले सर” हे उत्तर खरे मानू नये. मिळालेली वस्तू परत जाईल या भीतीने दिलेले ते उत्तर असू शकते. “मोठे होत असतील तर तुझ्याच मापाचे आणू, तुझे कोणाला देणार नाही,” असे आधी सांगावे, मग विचारावे.

शिवण, तळवा आणि मैदान

एकाच नंबरचे दोन मोजे हातात वेगळे का वाटतात, याचे कारण शिवणीत असते. ‘फ्लॅट’ प्रकारात पुढचा आणि मागचा सपाट तुकडा बाहेरून शिवलेला असतो; आत मोकळेपणा राहतो. ‘रोल’ प्रकारात लेटेक्स बोटाभोवती वळवून नेलेले असते, त्यामुळे चेंडूला बोटाच्या कडेचीही पकड मिळते. ‘निगेटिव्ह’ प्रकारात शिवण आतल्या बाजूला असते आणि मोजा बोटांना चपखल बसतो. बारीक बोटांच्या मुलाला फ्लॅट मोजा सैल वाटला, तर नंबर कमी करण्याआधी त्याच नंबरचा रोल किंवा निगेटिव्ह मोजा घालून पाहावा. रुंद पंजाच्या मुलाला फ्लॅट मोजा बरा.

काही मोज्यांत बोटांच्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांनी बोट पुढे वाकते, मागे मुडपत नाही. ऐकायला हे संरक्षण उत्तम वाटते. पण लहान मुलाची बोटे त्या पट्ट्यांनी ताठर होतात, चेंडूभोवती वळत नाहीत, आणि बोटांची स्वत:ची ताकद वाढण्यास वाव राहत नाही. मापात नसलेल्या मोज्यातील पट्टी तर भलत्याच ठिकाणी येते. माझ्या मते प्राथमिक आणि उच्च प्राथमिक वयात त्यांची गरज नाही. त्या वयातील खरे संरक्षण म्हणजे मुलाच्या वयाचा चेंडू. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, त्यापुढे बारा-तेरा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू द्यावा. मोजा मापाचा आणि चेंडू बापाचा, असे होऊ नये.

तळव्याचे लेटेक्स जितके मऊ, तितकी पकड चांगली आणि आयुष्य कमी. महागडे मऊ लेटेक्स गवताच्या मैदानासाठी असते. आपल्याकडचे मैदान मुरमाचे. तेथे ते महिनाभरात सोलवटते आणि मुलाला वाटते आपणच काहीतरी बिघडविले. म्हणून सरावासाठी जाड, टणक लेटेक्सचा टिकाऊ मोजा घ्यावा. दान देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : एका महागड्या जोडापेक्षा तीन वेगवेगळ्या नंबरांचे साधे जोड वसतिगृहाच्या अधिक उपयोगी पडतात.

निगा

लेटेक्सचे शत्रू तीन : ऊन, धूळ आणि वाळलेला घाम. खेळण्यापूर्वी तळवे किंचित ओले करावेत, कोरड्या लेटेक्सची पकड कमी असते. पडल्यावर उठताना तळव्यावर भार न देता मुठीवर द्यावा. खेळ संपल्यावर साध्या किंवा कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावेत. कपड्यांचा साबण किंवा पावडर वापरू नये. पिळू नयेत, दाबून पाणी काढावे. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलेला मोजा दोन दुपारीत तडकतो. म्हणून सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. तळव्याला तळवा लावून ठेवू नयेत, चिकटतात आणि ओढताना सोलतात.

वसतिगृहात एक जोड दोघा-तिघांत वापरला जातो. अशा वेळी तो पूर्ण वाळल्यावरच दुसऱ्याने घालावा. ज्याच्या हाताला खरूज किंवा गजकर्ण आहे, त्याला बरे होईपर्यंत वेगळा जोड द्यावा. हे सांगताना त्या मुलाला चारचौघांत लाज वाटेल असे बोलू नये. क्वचित एखाद्याला लेटेक्सनेच खाज येते, पुरळ उठते. त्याचे मोजे काढून घ्यावेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

हात आणि चेंडू

इतिहासाच्या शिक्षकाला यापुढील दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली पालवणकर बाळू यांची. १८७६ च्या सुमारास चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू हे आपल्या देशाचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्यात ते हिंदूंच्या संघातून खेळत, तेव्हा मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, हाताला होता. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापीत नसे, म्हणून ते काम थोरली बहीण करी. आणि शाळेत नळाला हात लावता येत नसल्याने शिपाई नसला की पाणी नसे. ज्या समाजाच्या मुलांचा स्पर्शच नाकारला गेला, त्या मुलांच्या अंगाचे माप कोण घेणार? अंदाजाने मिळालेले, उरलेले, उतरलेले वापरणे हेच त्यांच्या वाट्याला आले.

दुसरी गोष्ट चेंडूच्या शिवणीची. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी आणि व्यावसायिकांनी जालंधरमध्ये क्रीडासाहित्याचा उद्योग उभा केला. तेथील चेंडू वर्षानुवर्षे घराघरांतून शिवले जात, आणि शिवणाऱ्यांत दलित कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. मोठ्यांबरोबर मुलेही शिवायला बसत. सियालकोटमधील अशा बालश्रमावर जगभर टीका झाल्यावर १९९७ मध्ये अटलांटा येथे तो थांबविण्याचा करार झाला. पुढे जालंधरमध्येही त्या दिशेने प्रयत्न झाले. ज्या वयात आपली मुले चेंडू अडवितात, त्या वयातले हात चेंडू शिवीत होते. म्हणून साहित्य घेताना ते बालश्रमाविना तयार झाले आहे काय, हे दुकानदाराला विचारण्याची सवय ठेवावी. उत्तर दर वेळी मिळणार नाही. पण प्रश्न विचारला जातो हे त्याला कळले पाहिजे.

आमची पद्धत

त्या अपघातानंतर वसतिगृहात एक नियम केला. दरवर्षी जुलैत आणि जानेवारीत सर्व मुलामुलींच्या पंजाची मापे घेतली जातात. जे गोलमध्ये उभे राहतात त्यांचीच नव्हे, सर्वांची. कारण कोण उद्या उभे राहील हे आज सांगता येत नाही, आणि मुलींना गोलमध्ये उभे राहावेसे वाटत नाही हा आमचा समज पहिल्याच वर्षी खोटा ठरला. मोठी मुले लहानांची मापे घेतात. एकाने दुसऱ्याचा हात हातात घ्यायचा, टेप गुंडाळायची, आकडा मोठ्याने सांगायचा. कोणाचा हात कोणी धरायचा हे यादीतील क्रमाने ठरते, आडनावाने नव्हे.

मापांवरून पाच, सहा, सात आणि आठ नंबरचे जोड ठेवले आहेत. सहा महिन्यांत ज्याचा पंजा वाढला, तो पुढच्या नंबरवर जातो आणि त्याचा जोड मागून येणाऱ्याला मिळतो. ‘वाढत्या अंगाचे’ घेऊन जी काटकसर साधत नव्हती, ती अशी साधली. मोजे जोड संपेपर्यंत वापरले जातात, पण प्रत्येक जण ते आपल्या मापाचे असतानाच वापरतो.

पंजांच्या आकृत्यांचे कागद मी एका फाईलमध्ये जपून ठेवले आहेत. पाचवीत काढलेला पंजा आणि दहावीत काढलेला पंजा शेजारी ठेवला, की निरोप समारंभात मुले बराच वेळ पाहत राहतात. करंगळी मोडलेल्या मुलाचेही कागद त्यात आहेत. बोट जुळले, किंचित वाकडे राहिले. त्याच्या शेवटच्या कागदावर ती वाकडी रेघ स्पष्ट दिसते. कागदावरचे नाव आणि तारीख त्याने स्वत: लिहिली आहे. अक्षर पूर्वीइतकेच सुबक आहे.

आपल्या मुलांना आपण अनेक गोष्टी शिकवितो. त्यांत हेही शिकवावे की, मिळालेली वस्तू आपल्याला होत नसेल तर ‘मला होत नाही’ असे मान वर करून सांगावे, आणि तसे सांगितल्याने काहीही हिरावून घेतले जात नाही. हे त्यांना शब्दांनी पटत नाही. प्रत्येक वेळी टेप घेऊन त्यांच्यापुढे बसावे लागते. त्या आठ नंबरच्या जोडाला मी कपाटातून हलविलेले नाही, तो स्वत:ला ही आठवण राहावी म्हणून.

जय भीम. नमो बुद्धाय.